टूल-फ्री सर्व्हिस

२ मार्च, सोमवार

बाहेरच्या खोलीवर आज बोर्ड लागला. 'जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरची टूल-फ्री सर्व्हिस.' पेंटर 'सर्व्हिस'वरचा रफार विसरला. दुरून ते 'सव्हिस' दिसतं. जवळूनही तसंच दिसतं. हरकत नाही. लोक अर्थ बघतात.

कल्पना माझी आहे. ऑफिसांतून बाद होणारी जुनी मशीन बघितली तर बहुतेकांचं कॅबिनेट टूल-फ्री असतं. बाजूला एक खटका असतो, तो ओढला की पत्रा सुटतो. आत जिथे जिथे निळं प्लॅस्टिक दिसेल तिथे दाबायचं, तो भाग हातात येतो. स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. फक्त हात आणि डोकं.

ऑफिसात मी शेवटपर्यंत संगणक विभागाचा प्रमुख होतो. विभागात मी एकटाच होतो. मशीन बिघडलं की इंजिनिअरला फोन करायचो आणि तो काम करत असताना शेजारी उभा राहायचो. इतकी वर्षं शेजारी उभं राहिल्यावर काही शिकायचं बाकी राहत नाही.

हिला विचारलं, बोर्ड कसा वाटतो. ही म्हणाली, छान आहे, पण माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

४ मार्च, बुधवार

पहिलं गिऱ्हाईक! समोरच्या इमारतीतल्या चष्मेवाल्या काकू. आल्या आल्या विचारलं, कुठलं टूल फ्री देता?

मी समजावलं. काकू, टूल-फ्री म्हणजे टूल फुकट नाही. टूलशिवाय. काकू म्हणाल्या, साबणावर वाटी फ्री म्हणजे वाटीशिवाय का? मी म्हणालो, ते वेगळं. काकू म्हणाल्या, वेगळं कसं, शब्द तोच आहे, द्यायचं नसेल तर पुसून टाका, लोकांना कशाला आशेला लावता.

पेंटर पुन्हा यायला तयार नाही. शेवटी माझा स्क्रू ड्रायव्हर काकूंना देऊन टाकला. काकूंकडे कॉम्प्युटर नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी पसरली. पक्कड शेजारच्या इस्त्रीवाल्याने नेली. पान्हे कोणी नेले ते कळलं नाही. एका गृहस्थाने स्टूल मागितलं. त्याने घाईत वाचलं असणार.

विचार केला तर चांगलंच झालं. मोह संपला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

६ मार्च, शुक्रवार

सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. मनगटाला प्लास्टर. ही दोन आठवड्यांसाठी माहेरी गेली. मेहुणा गाडी घेऊन न्यायला आला होता. बोर्डासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, भावोजी, 'सव्हिस' म्हणजे नक्की काय करता? या माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. स्वतःला काही येत नाही ते नाहीच.

ही जाताना काळजीत होती. आईची होतीच, पण पुस्तकाचीही. माझी आई शेवटची काही वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं हिने केलं, आणि करता करता जे शिकली ते लिहून ठेवत गेली. आता त्याचं पुस्तक होतंय, 'अंथरुणावरच्या माणसाची घरी काळजी'. प्रकाशक बाईंना ते महिनाअखेर द्यायचंय. एक प्रकरण लिहायचं राहिलंय, बाकी सगळं हिच्या कॉम्प्युटरमध्ये तयार आहे. आणि फक्त तिथेच आहे, कारण दुसरी कॉपी काढून देतो असं मी मागच्या वर्षापासून म्हणतोय.

निघताना ही दारात वळली. अहो, नक्की हात लावणार नाही ना? मी म्हणालो, तुझा माझ्यावर विश्वास नाही का? ही म्हणाली, दूध गॅसवर आहे, बघा.

७ मार्च, शनिवार

गिऱ्हाईक नाही. शांत बसून विचार केला.

'हात लावू नका' याचा अर्थ 'बिघडवू नका'. सर्व्हिस करणं म्हणजे बिघडवणं नव्हे, उलट आहे. हिचं मशीन चालू केलं की दम लागल्यासारखा आवाज करतं. त्यावर पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहायचं म्हणजे हिला त्रासच. ही येईल तेव्हा ते चकचकीत आणि मुकाट चालत असेल. ही बसेल, बटण दाबेल, आवाज येणार नाही. मग ही माझ्याकडे बघेल.

शिवाय आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो बोर्डाखाली लावता येतील. उद्या सकाळीच.

८ मार्च, रविवार, सकाळी

आधी चालू करून बघितलं नाही. ऑपरेशनच्या आधी पेशंटला कोणी पळायला लावत नाही.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं. खटका ओढला. पत्रा सुटला नाही. पुन्हा ओढला. पाय लावून ओढला. सुटला. आत इतकी धूळ की आधीचा फोटो उत्तम आला.

निळं दिसेल ते दाबत गेलो. अप्रतिम रचना. पंखा हातात आला. मेमरीच्या पट्ट्या हातात आल्या. हार्ड डिस्कचा निळा ट्रे हातात आला. सगळं पुस्तक त्यात! आणि वजन जवळजवळ नाहीच, पिसासारखं. इंजिनिअर पाठमोरा असायचा त्यामुळे हे मला कधी कळलं नव्हतं. तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलंय. ट्रे ओल्या फडक्याने पुसला. मग शंका आली म्हणून उन्हात वाळवला.

दुपारी

सगळं परत बसवलं. एक निळा तुकडा उरला. स्पेअर असावा. खिशात ठेवला. धुळीसकट वर्तमानपत्र गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकून आलो. स्वच्छतेला मी पहिल्यापासून महत्त्व देतो.

मशीन चालू केलं. आवाज नाही, सांगितल्याप्रमाणे. पडदा काळा. त्यावर एक पांढरी इंग्रजी ओळ. बूट करायला डिव्हाइस सापडत नाही.

बंद केलं. चालू केलं. बंद केलं. चालू केलं. तीच ओळ.

नंतरचा फोटो काढला नाही.

९ मार्च, सोमवार

व्होल्टेजचा प्रश्न असणार. आपल्या भागात व्होल्टेजचा प्रश्न आहेच.

दुपारी काकूंकडे जाऊन विचारलं, तुमच्याकडे व्होल्टेज कसं आहे. काकू म्हणाल्या, चांगलंय, स्क्रू ड्रायव्हरही चांगलाय, रंगाच्या डब्याची झाकणं पटापट उघडतात.

मशीनला विश्रांती देतोय. माणसालासुद्धा ऑपरेशननंतर लगेच उठवत नाहीत.

१० मार्च, मंगळवार

हिचा फोन. झाडांना पाणी घातलं का? घातलं. नीट जेवता का? जेवतो. कॉम्प्युटर ठीक आहे ना? मी म्हणालो, झाकून ठेवलाय.

हे खरं आहे. सकाळपासून त्यावर चादर आहे. ती पांढरी ओळ बघवत नाही.

ही म्हणाली, बरं. हिच्या 'बरं'मध्ये नेहमी काहीतरी असतं. आज ते काय होतं, कळलं नाही.

११ मार्च, बुधवार

आज जेवलो नाही.

इंटरनेटवर एक व्हिडिओ बघितला. आपल्यासारखंच मशीन. एक माणूस निळा ट्रे बाहेर काढतो, त्याच्या दोन्ही बाजू जरा फाकवतो आणि त्यातून एक जड, पत्र्याची, पावाच्या तुकड्याएवढी पेटी काढतो. ही तुमची हार्ड डिस्क, असं म्हणतो. मी तिथे थांबवून पुन्हा बघितलं. पुन्हा बघितलं.

चादर काढली. पत्रा काढला. ट्रे काढला. ट्रे रिकामा.

म्हणजे रविवारी मी ट्रे ओढला तेव्हा डिस्क त्यातून खाली पडली असणार. खाली वर्तमानपत्र होतं. वर्तमानपत्र मी गुंडाळलं. ते उचलताना जड लागलं होतं का? आता मला वाटतंय की लागलं होतं. धूळ एवढी जड नसते.

हिचं पुस्तक मी कचऱ्याच्या गाडीत टाकलं. स्वतःच्या हाताने. टाकून वर हात झटकले.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी कचऱ्याच्या गाडीमागे धावलो. गाडीवाल्याने थांबवली. म्हणाला, ओला की सुका? मी म्हणालो, हार्ड डिस्क. तो म्हणाला, सुका. मी म्हणालो, टाकायची नाही हो, रविवारी टाकलेली परत हवीय. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, काका, बसा पुढे.

डेपोत मला एक डोंगर दाखवला. म्हणाला, रविवारचं साधारण त्या अंगाला असेल. मी दुपारपर्यंत त्या अंगाला होतो. तिथे काम करणाऱ्या बायकांनी आधी हातमोजे दिले, मग पाणी दिलं. काय हरवलंय म्हणून विचारलं. बायकोचं पुस्तक, म्हणालो. त्यातली एक म्हणाली, कोरं होतं की लिहिलेलं? मी म्हणालो, लिहिलेलं. सगळ्या माझ्याबरोबर शोधायला लागल्या.

सापडली नाही.

१३ मार्च, शुक्रवार

आशा! गाडीवाल्याने सांगितलं होतं की पत्र्याचं सगळं शेवटी भंगारवाल्याकडे जातं. भंगारवाल्याकडे डिस्कचं एक खोकं होतं. सगळ्या सारख्या. हिची कुठली हे तो मला विचारत होता आणि मी त्याला.

शेवटी एक उचलली. हातात घेतल्यावर ओळखीची वाटली. आतून खात्री पटली. अशा गोष्टी कळतात.

पण ती एका पत्र्याच्या चौकटीत स्क्रूंनी घट्ट बसवलेली. टूल-फ्री नाही. सुरी लावून बघितली, नाणं लावून बघितलं, नख फाटलं. काकूंकडे गेलो. काकू म्हणाल्या, फ्री दिलेलं कोणी परत मागतं का? मी म्हणालो, थोड्या वेळासाठी. काकू म्हणाल्या, मग मी बरोबर येते. मी काम करत असताना शेजारी उभ्या राहिल्या. अशाने माणसाचा हात बिचकतो हे मला आजच कळलं.

डिस्क ट्रेमध्ये, ट्रे मशीनमध्ये, वायर लावली. चालू केलं.

पांढरी ओळ नाही! चक्र फिरलं, रंग आले, पडदा उजळला. मी काकूंचा हात धरून नाचलो. काकूसुद्धा थोड्या नाचल्या.

मग पडद्यावर कुत्रा आला. लांब कानांचा, जीभ बाहेर. आमच्याकडे कुत्रा नाही. काकू म्हणाल्या, गोड आहे, नाव काय त्याचं?

आत कुठल्या तरी ड्रायव्हिंग स्कूलची वेळापत्रकं आहेत. आणि कुत्र्याचे फोटो. पुस्तक नाही. प्रत्येक फोल्डर उघडला. समुद्रावरचा कुत्रा, सोफ्यावरचा कुत्रा, आंघोळीचा कुत्रा.

स्क्रू ड्रायव्हर घेऊन काकू गेल्या.

१४ मार्च, शनिवार

ठरवलं. हिला फोन करून सगळं सांगायचं. स्पष्ट. एका दमात.

फोन मेहुण्याने उचलला. म्हणाला, भावोजी, ताई आईची वेणी घालतेय, काही निरोप आहे का? मी म्हणालो, नाही, सहज. तो म्हणाला, धंदा कसा चाललाय? मी म्हणालो, जोरात. तो म्हणाला, वा, ताई तुमची रोज आठवण काढते, रोज विचारते आता काय करत असतील. मी फोन ठेवला.

वेणी घालतेय. माझ्या आईचीही घालायची.

१५ मार्च, रविवार

उपाय सापडला आणि तो इतका सोपा आहे की आधी सुचला कसा नाही. पुस्तक मी पुन्हा लिहितो. त्यातलं सगळं या घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. विषय तोच, पेशंट तीच, घर तेच. ही लिहू शकते तर मला न लिहायला काय झालं. चार दिवस पुष्कळ झाले. कुत्र्याच्या मशीनवरच बसलो.

प्रकरण पहिलं. पाणी पाजणे. 'अंथरुणावरच्या माणसाला पाणी पाजताना'

इथपर्यंत झालं.

दुपारी

पाणी पाजताना काय? डोकं किती वर उचलायचं? ही चमच्याने पाजायची की फुलपात्राने? आईला मध्येच ठसका लागायचा तेव्हा ही काहीतरी करायची आणि तो थांबायचा. काय करायची?

पाणी सोडून पुढे गेलो. प्रकरण दुसरं. अंघोळ. मी तेव्हा ऑफिसात असायचो. प्रकरण तिसरं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. त्या झाल्या नाहीत, एवढं नक्की आठवतं. डॉक्टर म्हणाले होते, कमाल आहे, एकही नाही. कशाने झाल्या नाहीत ते आठवत नाही.

संध्याकाळी

एकूण मजकूर अर्धं पान. त्यात आईच्या खोलीच्या पडद्यांचा रंग, आईला रेडिओचा आवाज किती लागायचा, आणि 'काळजी ही मनापासून घ्यावी' असं एक वाक्य. ते वाक्य खोडलं. हिने असलं काही लिहिलं नसतं.

१७ मार्च, मंगळवार

प्रकाशक बाईंचा फोन. हिचा लागत नव्हता म्हणून मला केला. म्हणाल्या, काय परिस्थिती? मी म्हणालो, नव्वद टक्के तयार. म्हणाल्या, छान, आमच्या ऑफिसातल्या एकीचे वडील महिन्याभरापासून अंथरुणाला खिळलेत, ती रोज विचारते वहिनींचं पुस्तक कधी येतंय, तोवर वहिनींनी पूर्वी पाठवलेली चार पानं फोटोकॉपी करून भिंतीला लावलीत.

मी म्हणालो, हो हो.

फोन ठेवल्यावर पायरीवर बसलो. इस्त्रीवाल्याने विचारलं, साहेब, बरं नाही का? मी म्हणालो, व्होल्टेज.

ती चार पानं मागून आणावीत असं मनात आलं. पण बाकीची कुठून आणू?

१९ मार्च, गुरुवार

ही उद्या येतेय.

पर्याय. एक, चोरी झाली म्हणायचं. पण फक्त डिस्क नेणारा, ट्रे परत बसवून त्यावर चादर घालून जाणारा चोर हिला पटणार नाही. दोन, विजेचा लोळ पडला म्हणायचं. आकाश महिनाभर निरभ्र आहे. तीन, ही यायच्या आधी मी कुठेतरी जायचं. पण माझी जायची ठिकाणं म्हणजे हिचं माहेर.

निदान कुत्रा तरी काढावा म्हणून खटका ओढला. खटका तुटून हातात आला. आता पत्रा निघतही नाही आणि नीट बसतही नाही. परवापासून माझ्या हातात जे येतं ते तुटूनच येतं.

बोर्ड काढायचा होता. तो स्क्रूंनी लावलाय.

२० मार्च, शुक्रवार

ही आली. मी दारातच उभा होतो. हिने चपला काढायच्या आत सगळं सांगितलं. खटका, ट्रे, ओलं फडकं, गाडी, डेपो, कुत्रा. एका दमात. पुस्तक गेलं, म्हणालो. तुझं सगळं लिहिलेलं गेलं, मी टाकलं.

डेपोचं ऐकताना हिने माझ्या हाताकडे बघितलं. मग पर्स उघडली. आत एका मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. पत्र्याची, पावाच्या तुकड्याएवढी पेटी.

मी ती हातात घेतली. जड होती.

मग विचारलं, ही कधी काढलीस? ही म्हणाली, जायच्या दिवशी, भाऊ बाहेर गाडी वळवत होता तेव्हा. मी म्हणालो, इतक्यात? स्क्रू ड्रायव्हर तर मी काकूंना दिलेला! ही म्हणाली, अहो, त्याला लागत नाही ना? तुमच्याच बोर्डावर लिहिलंय.

मी म्हणालो, म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नव्हता. ही म्हणाली, बाहेरगावी जाताना दर वेळी काढते, आजची सवय नाही, बोर्डाच्या कितीतरी आधीपासून. मी म्हणालो, मग फोनवर का नाही बोललीस? ही म्हणाली, मी विचारलं होतं. तुम्ही झाकून ठेवलाय म्हणालात. मला वाटलं, खरंच झाकलाय.

मग चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि आधी माझ्या फाटलेल्या नखाला पट्टी लावली.

डिस्क हिनेच बसवली. मी शेजारी उभा होतो. अडकलेला पत्रा हळूच सरकवून काढला, निळ्या ट्रेच्या दोन्ही बाजू अलगद फाकवल्या, कुत्र्याची डिस्क बाहेर, पुस्तकाची आत, ट्रे आत, टक. खटका तुटलेल्या पत्र्याला पट्टीच्याच रिळातली चिकटपट्टी लावली. माझ्या खिशातला निळा तुकडा मी पुढे केला. ही म्हणाली, हा पंख्याचा. तोही बसवला. चालू केलं. दम लागल्यासारखा आवाज आला. इतका चांगला आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

कॉपी काढून देऊ का, असं विचारलं. ही म्हणाली, नको.

२२ मार्च, रविवार

दोन दिवस झाले, ही राहिलेलं शेवटचं प्रकरण लिहितेय. आज दुपारी मध्येच हसली. मी चहा घेऊन गेलो आणि विचारलं, काय झालं. ही म्हणाली, ऐका. 'घरातली इतर माणसं' असं नाव आहे प्रकरणाचं. मग वाचलं.

प्रत्येक घरात एक मदत करणारा माणूस असतो. त्याला काही येत नसतं आणि सगळं येतं असं त्याला वाटत असतं. त्याला नाही म्हणू नये, त्याचं मन मोडतं आणि तो लपून मदत करायला लागतो. बिघडलं तरी चालेल असं एखादं काम त्याच्या हाती द्यावं. औषधं मात्र त्याचा हात पोचणार नाही अशी ठेवावीत.

मला जोरात हसू आलं. म्हणालो, मेहुणा! हुबेहूब! ही माझ्याकडे बघून म्हणाली, अजून थोडं आहे.

पण या माणसाला खोलीबाहेर काढू नये. पेशंटला दिवसातून कितीदा तरी उचलावं लागतं आणि एकट्या बाईला ते जमत नाही. त्या वेळी हा माणूस हातातलं सगळं टाकून येतो. हाक मारावी लागत नाही. एकदाही मारावी लागत नाही.

मी म्हणालो, छान लिहिलंयस. मेहुण्याला वाचून दाखव. ही म्हणाली, दाखवीन. आणि पुन्हा लिहायला लागली.

मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. गिऱ्हाईक नाही. एक माणूस बोर्ड वाचून, जरा थांबून, निघून गेला.

मेहुण्याने माझ्या आईला कधीच उचललेलं नाही.